बायांचा सासरा

धाकलूला गावात धाकलू म्हणून कुणी हाक मारत नाही. सासरा म्हणतात. "सासरा वर गेला का?" "सासऱ्याला विचार, दार कवा उघडतो." शाळेतली पोरंसुद्धा तेच म्हणतात, त्यांना ते त्याचं खरं नाव वाटतं. गेल्या वैशाखापर्यंत धाकलू कुणाचाच सासरा नव्हता. पोटी एकच लेक, हर्षला, ती सव्विसाची होऊन घरातच. तरी एकोणीस वर्षं हे नाव त्याच्या मागं लागलेलं, कारण तो बायांचा सासरा. सुनांना माहेरचं माणूस भेटू न देणारा.

त्या बाया कोण, ते आधी सांगायला हवं.

कर्जतकडून खालापूरला येताना डाव्या अंगाच्या डोंगरात एक काळा कातळ दिसतो. उखळात मुसळ उभं सोडावं तसा उभा. तो धावरीचा किल्ला. सरकारी पाटीवर तसंच लिहिलंय. धावरीतलं माणूस मात्र त्याला किल्ला म्हणत नाही, बायांचा गड म्हणतं. कातळ पोखरून एकशे ब्याण्णव पायऱ्या काढल्यात. अर्ध्यावर पाण्याचं टाकं आणि टाक्याच्या वर एक गुंफा. आत शिरलं की उजव्या भिंतीवर पाच बाया. रंगवलेल्या. पहिलीच्या हातात फूल. दुसरीच्या हातात तबक. तिसरी मान वळवून चौथीला काहीतरी सांगतेय आणि चौथी तोंड दाबून हसतेय. पाचवीचा चेहरा गळून गेलाय, पण ती उभी अशी ऐटीत आहे की चेहरा नसल्याचं आपल्यालाच वाईट वाटतं, तिला नाही. गेरूचा तांबडा, पिवळा आणि लावणीच्या रोपासारखा हिरवा, एवढेच रंग. मुंबई-पुण्याची शिकलेली माणसं येतात, कुणी हजार वर्षं सांगतं, कुणी दीड हजार.

धाकलू ह्यातलं काही सांगत नाही. रविवारी पाठीवर पिशव्या लावून पोरंपोरी येतात, त्याला विचारतात, "काका, या बायका कोण आहेत?"

"आमच्या गावच्या."

"कुठल्या काळातल्या?"

"मी ड्युटीला लागलो त्याच्या आधीच्या."

पोरं हसतात. तो हसत नाही. त्यानं विनोद केलेलाच नसतो.

ड्युटीला तो लागला चाळिशीला टेकल्यावर. त्याआधी पावसाळ्यात भातशेती आणि बाकीचे आठ महिने साजगावच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडं. ठेकेदार गेला, कामही गेलं. त्याच साली पुरातत्त्व खात्याला गडावर गावचाच एक माणूस पाहिजे होता. गुंफेला लोखंडी जाळीचं दार बसवलं आणि त्याचं कुलूप, एक खाकी शर्ट आणि एक शिट्टी धाकलूच्या हातात दिली. शर्ट ढगळ होता, तो सोनुबाईनं आत घेतला. सोनुबाई त्याची बायको. शिट्टी मात्र बरोबर मापाची होती. पहिला महिनाभर तो ती गावातूनसुद्धा वाजवत जायचा.

काम असं की सकाळी चढायचं, टाक्यावर पाय धुऊन दार उघडायचं, संध्याकाळी लावायचं. पण धाकलू शेतकरी. त्याला नुसतं बसवत नाही. कुंभारणी माश्या चित्रावर मातीची घरटी बांधतात, ती तो मोराच्या पिसानं ओली असतानाच उचलतो. वाळली की रंग घेऊन निघतात, हे त्याचं त्यालाच कळलेलं. पावसाळ्यात गुंफेच्या कपाळावरून पाणी आत ओघळायचं. त्यानं वर चढून कातळाच्या खाचेत मातीचा बांध घातला आणि पाणी बाजूला वळवलं, शेतात वळवतो तसं. साहेब आले, बघून म्हणाले, हे कुणी केलं? त्याला वाटलं, गेली नोकरी. साहेबांनी फोटो काढून नेला.

आता रीत सांगतो, म्हणजे भांडण कळेल.

धावरीची लेक लग्नाची झाली की हळदीच्या दिवशी सकाळी मावशीनं तिला गडावर न्यायचं. वाटीत हळद, तेलात कालवलेली. ती आधी बायांना लावायची. पायांना, हातांना, हात पोचेल तिथवर. वाटीत उरेल ती नवरीला. बायांची उष्टी हळद अंगाला लागल्याशिवाय मांडवातली हळद चढत नाही, असं. नवरदेवाची उष्टी हळद नवरीला, ही झाली सगळ्या मुलखाची रीत. धावरीच्या लेकीला त्याच्याही आधी बायांची. नवरा परका, बाया आपल्या. कितीएक पिढ्यांच्या नवऱ्या तिथं हळद लावून गेल्या. त्यानं झालं असं की बाया कमरेपर्यंत काळ्या आणि वर गोऱ्या. जिथवर माणसाचा हात पोचतो तिथवर काळं.

धाकलूच्या पहिल्याच पावसाळ्यात, श्रावणात, तिसरीचा हात पडला. सकाळी दार उघडलं तर भिंतीखाली मातीचा ढिगारा. त्यानं खांद्यावरचा टॉवेल पसरला आणि एकेक तुकडा वेचला. एका तुकड्यावर दोन बोटं शाबूत होती. तुकडा उलटा केला आणि तो तसाच उकिडवा राहिला. मागच्या मातीत तूस होता. भाताचा तूस. त्याच्या खळ्यावर उडतो तोच. ज्यानं कुणी ह्या बाया काढल्या त्यानं आधी कातळावर माती लिंपली होती, आणि माती तडकू नये म्हणून तिच्यात भाताचा तूस मळला होता, धावरीत चूल घालताना घालतात तसाच.

धाकलू तोवर बायांना देव समजत होता. देवाचं देव बघतो. पण तूस बघितला आणि त्याला वाटलं, हे तर आपल्या घरचं काम. हे आपल्यालाच बघितलं पाहिजे.

हात का पडला तेही त्याला कुणी सांगावं लागलं नाही. त्याच्याच ओटीच्या मातीच्या भिंतीला सोनुबाईनं हौसेनं ऑइलपेंट दिला होता आणि दुसऱ्या पावसात भिंत पापुद्र्यांनी सुटली होती. तेलानं तोंड बंद झालं की आतल्या ओलीला बाहेर पडायला वाट नाही. भिंत फुगते आणि जाते. बाया दीड हजार वर्षं उभ्या होत्या. त्यांना आपल्याच लेकी हळूहळू खाली पाडत होत्या.

हे सगळं त्याला कळलं. पण कळलं ते बोलायचं कसं, ते त्याला आलं नाही.

पुढच्याच वैशाखात जिजेचं लग्न निघालं. जिजा म्हणजे सोनुबाईच्या मोठ्या बहिणीची, जनाची, मुलगी. दोघी बहिणी धावरीच्याच आणि धावरीतच दिलेल्या. मावशी म्हणून वाटी सोनुबाईच्या हातात. हळदीच्या सकाळी सोनुबाई, जिजा आणि पाठीमागं दहाबारा बाया गाणी म्हणत चढल्या. दारात धाकलू. घरातून निघताना तो बायकोशी एक शब्द बोलला नव्हता. तिला वाटलं, आपलाच माणूस, उघडेल. तिनं पायरीवर पाय ठेवला आणि धाकलूनं शिट्टी वाजवली.

बस्स. बोलला काही नाही. हात आडवा केला आणि शिट्टी वाजवत राहिला. गाणं बंद पडलं. जिजा कपाळाला मुंडावळ्या नसलेली, जुनेऱ्यातली नवरी, एकवीस वर्षांची, शिट्टी ऐकून दोन पायऱ्या मागं सरकली. शेतात शिरलेल्या ढोराला हाकलतात तशी ती शिट्टी होती, असं सोनुबाई नंतर म्हणाली. नंतर म्हणजे त्याच दिवशी एकदा. पुन्हा कधी नाही.

वाटी तशीच खाली आली. जिजेला साधी हळद लागली. लग्न झालं, लांब तालुक्याबाहेर दिली होती, आणि तिसऱ्या वर्षी जिजा पत्र्याची ट्रंक घेऊन परत आली. नवरा प्यायचा आणि मारायचा. त्यानंतर जना गेली. आता जिजा आईच्याच घरात एकटी राहते, काकड्या, शिराळी, भेंडी घेऊन कर्जतच्या बाजारात बसते. तिच्या तोंडाला लागायला गिऱ्हाईक भितं.

गावातल्या बायांनी धाकलूला सासरा नाव ठेवलं आणि ते चिकटलं. हळद घेऊन पुन्हा कुणी वर गेलं नाही. आणि सोनुबाई? ती भांडली नाही, माहेरी गेली नाही, जायला तसं माहेर दोन आळ्या पलीकडंच होतं. रोज पहाटे उठून तिनं त्याला तांदळाच्या दोन भाकऱ्या आणि सुकट बांधून दिली. संध्याकाळी परड्यात उभी राहून गडाच्या पायऱ्यांवर त्याचा पांढरा टॉवेल खाली येताना दिसतो का ते बघितलं. दिसला की चहाचं आधण ठेवलं. पण एकोणीस वर्षं ती गडावर चढली नाही. आणि गडाचं नाव घरात निघालं की ती उठून भांडी घासायला जायची.

गेल्या साली हर्षलेचं जमलं. हर्षला खालापूरला एका कॉम्प्युटरवाल्याकडं सातबारा काढून द्यायचं काम करते. नवरा मुलगा नीलेश, कडावचा, घरी म्हशी, दूध. दोघांचं आधीच जमलेलं होतं, मोठ्यांनी नुसता साखरपुडा केला. लग्न सोमवारचं, हळद रविवारी. पत्रिका वाटून झाल्या आणि एका संध्याकाळी धाकलू ओटीवर पाय पसरून बसला असताना सोनुबाई येऊन समोर उभी राहिली.

"हर्षलेची हळद वर जानार," ती म्हणाली.

धाकलूनं पाय ओढून घेतले.

"मावशी नाय, तर मीच नेनार. दार उघडनार का नाय येवढं सांगा."

"नेम हाय," धाकलू म्हणाला.

"कुनी केला?"

"खात्यानं."

"जिजेला परत आनायला खातं गेलं व्हतं का?"

एकोणीस वर्षांचं एवढ्यात निघालं. हर्षला आतून म्हणाली, "आई, असं काही नसतं गं. ताईचा नवरा बेवडा होता, त्याला बाया काय करणार?"

"तू गप. तुला कॉम्प्युटरमधलं कळतं." सोनुबाई पुन्हा धाकलूकडं वळली. "मला येकच पोर हाय. तिला मी बायांच्या हळदीबिगर धाडनार नाय. दार नाय उघडलंत तर मांडवात बसनार नाय मी. तुमी आनि तुमची शिट्टी, करा कन्यादान."

ही धमकी नव्हती. सोनुबाई धमक्या देत नाही.

तीन दिवस धाकलूचं जेवणात लक्ष नव्हतं. दार उघडावं तर हळदीचं तेल भिंतीला लागणार. एकीला दिलं की गावातल्या सगळ्या लेकींना द्यावं लागणार, आणि पाचसहा पावसांत चौथीचं हसणं खाली पडलेलं असणार. न उघडावं तर एकोणीस वर्षांपूर्वी जिजेचं केलं तेच पोटच्या पोरीचं, आणि बायको मांडवाबाहेर. गुंफेत बसून तो बायांकडं बघायचा. त्या आपसात बोलण्यात गुंग. त्याच्याकडं कुणाचं लक्ष नाही.

चौथ्या दिवशी संध्याकाळी चहाचा कप ठेवता ठेवता तो म्हणाला, "ये तू वर."

सोनुबाई थांबली.

"दार उघडतो. तू आत ये. मी तवा बोललो नाय ते बोलतो, तेवढं आयकून घे. मंग तुला वाटलं तर लाव. मी आडवा येनार नाय."

"आनि शिट्टी?"

"आननार नाय."

तिनं कप उचलला. बराच वेळ नुसता कप विसळत राहिली.

हळदीच्या दिवशी सकाळी सातलाच निघाल्या. गाजावाजा नाही, गाणी नाहीत. वाटी सोनुबाईच्या हातात, फडक्यानं झाकलेली. हर्षला, आणि सोनुबाईच्या गुडघ्यांसाठी म्हणून जिजा. आदल्या दिवशी जिजेला बोलावलं तर ती म्हणाली होती, "मला काय काम? मी आलेली चालते का हळदीला? तुमचे कडाववाले बघतील." सोनुबाई म्हणाली, "कडाववाले काय मला उचलून वर नेनार नायत. मला हात धरायला कुनीतरी लागंल."

वैशाखातला कातळ आठ वाजताच तापायला लागतो. पन्नासाव्या पायरीला सोनुबाई बसली. ऐंशीव्याला पुन्हा.

"आई, आधी तुझ्या गुडघ्यांना हळद लावूया," हर्षला म्हणाली.

"लाव गं लाव. नवरी हायस म्हनून गप बसलेय."

"मावशे, वाटी दे हिकडं. सांडशील," जिजा म्हणाली.

सोनुबाईनं वाटी दिली नाही. पण दुसरा हात दिला, आणि जिजेनं तो काखेत धरून मावशीला जवळजवळ उचलूनच वर आणलं.

धाकलू दारात उभा होता. इस्त्रीचा खाकी शर्ट, गळ्यात काही नाही. त्यानं तिघींना टाक्यावर पाय धुवायला सांगितलं. मग कुलूप काढलं, दार पार भिंतीला टेकवलं आणि स्वतः बाजूला झाला.

आत काळोख आणि गारवा. डोळे सरावायला वेळ लागला. मग बाया एकेक करून पुढं आल्या. पहिलीचं फूल, मग दुसरीचं तबक. सोनुबाई बघत राहिली. हर्षलेच्या वयाची होण्याआधीच ती इथं नवरी म्हणून आली होती. तेव्हा हळद लावायची घाई, गलका, बायांचे चेहरे बघायला सवड कुणाला होती? नंतर लेकीबाळी घेऊन आली तेव्हाही हात बघितले, पाय बघितले. चेहरे असे नीट उभं राहून बघितले नव्हतेच.

"ही काय सांगतेय हिला?" तिनं तिसरीकडं बोट करून विचारलं. विचारलं कुणाला, तेही तिला कळलं नाही.

"येवढी वर्सं मी तेच आयकतोय," धाकलू म्हणाला.

तो पुढं आला. तिसरीचा हात तुटलाय तिथं त्यानं बॅटरी धरली. "हिकडं बघ. हात लावू नको, नुसती बघ. तूस हाय."

सोनुबाई वाकली. तिच्या आयुष्यात तिनं किती चुली घातल्या असतील! मातीच्या तुटलेल्या कडेला तिनं तूस एका नजरेत ओळखला.

"बारीक हाय," ती म्हणाली. "चाळून घातलाय."

"व्हय?"

"मंग! असाच घातला असता तर माती खरबरीत झाली असती. बाईमानसानं मळलीय ही." ती आणखी जवळ गेली. "हात कवा पडला हिचा?"

"माझ्या पयल्या पावसात. तेलानं. वर तेल बसलं, आत वल राहिली, फुगून सुटली. आपली ओटीची भित गेली ना, तशी." धाकलू एका दमात बोलत होता. "मी वेचला तो. टॉवेलात. मंग मी ठरवलं, आता नाय. पन ते तुला घरी सांगायचं व्हतं. ते नाय जमलं. दारात उभा राहिलो नि तोंडाला शिट्टीच आली."

सोनुबाई भिंतीच्या कडेकडेनं सरकत पाचवीपाशी गेली. तिथं गुडघ्याच्या उंचीवर काळ्या पंजांची गर्दी होती, एकावर एक. तिनं खाली बसून बघितलं आणि आपला उजवा हात वर करून समोर धरला. भिंतीला न लावता. सोनुबाईची उजवी करंगळी अर्धीच आहे, लहानपणी भात कापताना विळ्याखाली गेलेली. भिंतीवर चार बोटं पुरी आणि करंगळी अर्धी, असा एक पंजा होता.

"माजाच की गं हा," ती म्हणाली.

"रोज बघतो मी," धाकलू मागून म्हणाला. "तू येत नव्हतीस. हात व्हता."

हर्षला आणि जिजा दोघी दुसरीकडं बघायला लागल्या. जिजा तर टाक्यातलं पाणीच बघायला निघाली होती.

सोनुबाई गुडघ्यावर हात देऊन उठली. वाटीवरचं फडकं काढलं. पिवळीधमक हळद, वर तेलाची चकाकी. आता तिच्यावर होतं. धाकलूनं बॅटरी बंद केली आणि हात मागं बांधून घेतले. आडवा येणार नाही म्हणाला होता, तो आला नाही. पण त्याचा श्वास ऐकू येत होता.

ती भिंतीपाशी गेली. वाटी दोन्ही हातांत धरून वर उचलली, पहिलीपुढं, दुसरीपुढं, अशी पाचीजणींपुढं, सावकाश. मग मध्ये येऊन थांबली.

"बायांनो," ती म्हणाली, "हर्षला चाललीय कडावला. दूध हाय, म्हशी हायत, पोरगा बरा वाटतोय. ध्यान ठेवा. आनि नाय बरा निघाला तर तिला घरी यायला लाज वाटू देऊ नका."

आणि वाटी खाली घेतली.

जिजेनं वाट बघितली. "लाव की."

"झालं."

"झालं म्हंजे?"

"देवाला निवद दाखवतो तवा काय घास भरवतो का आपन? ताट पुढं धरतो, देव बघतो, मंग ते परसाद. बघितली त्यांनी हळद. झाली उष्टी."

सोनुबाई असं बोलली म्हणजे रीत झाली, तिच्या वर कुठलं खातं नाही. धाकलूला भिंतीला टेकावंसं वाटलं, पण भिंत कुठली आहे ते आठवून तो सरळ उभा राहिला.

"हे तवा सुचलं असतं तर," तो पुटपुटला.

"तवा इचारलंत कुठं? शिट्टी मारलीत."

"व्हय."

"नुसतं म्हनायचं व्हतं, अगं, भित पडतेय. मी काय येडी व्हते?"

"नाय."

"मंग!"

एवढंच झालं. एकोणीस वर्षांचं एवढ्यात संपलं असं मी म्हणणार नाही, पण त्या दिवशी तेवढंच झालं. हर्षला खाली बसली आणि पदर नीट करून तोंड पुढं केलं. सोनुबाईनं वाटीत दोन बोटं बुडवली. बुडवली आणि तशीच उभी राहिली. मग वळून तिनं ती बोटं जिजेच्या गालाला लावली.

जिजा मागं सरली. "मावशे! काय करतेस? नवरी ती हाय."

"तुजी राहिली व्हती."

"माजी कसली राह्यलीय आता? चाळिशी झाली माजी. नवऱ्यानं टाकलेली मी, माज्या हळदीला आता कोन..."

"नवऱ्याची नाय, ही बायांची हाय. त्यांचा काय संबंद तुज्या नवऱ्याशी?" सोनुबाईनं तिचा दुसरा गालही रंगवला, मग कपाळ, मग हात ओढून मनगटाला. जिजा बाजारात दोन रुपयांसाठी गिऱ्हाइकाचं तोंड बंद करते, ती आता हात सोडवत नव्हती. तिचं नाक लाल झालं होतं. शेवटी ती म्हणाली, "पुरे. हर्षलेला ठेव थोडी. तिला कडाववाले काय कोरडीच नेतील का?"

"मला काय घाई नाय," हर्षला खालून म्हणाली. तिनं मोबाईल काढला होता. तो धाकलूनं बघितला.

"फ्लॅश नको," तो म्हणाला.

"बाबा, माहितीय."

मग हर्षलेला हळद लागली. भरपूर लागली. वाटी पुसून लागली. सोनुबाईनं रिकामी वाटी फडक्यात बांधली आणि आपली तेलकट बोटं साडीला पुसली, एकदा, दोनदा, भिंतीपासून चार हात लांब उभी राहून.

निघताना ती पुढं, हर्षलेच्या खांद्यावर हात ठेवून. जिजा मागं रेंगाळली. गाल पिवळे, कपाळ पिवळं, आणि चेहऱ्यावर रागावल्यासारखं काहीतरी. धाकलू दाराशी होता. त्यानं एकोणीस वर्षं एक वाक्य तयार ठेवलं होतं. कैक वेळा बाजारात तिच्या पाटीपुढं उभं राहून त्यानं ते गिळून काकड्याच घेतल्या होत्या.

"जिजे," तो म्हणाला, "त्या दिशी मी..."

"मावसा, दार लावा आधी," जिजा म्हणाली. "माकडं घुसतील."

आणि ती खाली उतरायला लागली.

त्यानं दार ओढलं. कुलूप नीट बसेना. रविवार होता, खालून शहरातल्या पोरींचा एक घोळका वर येत होता, त्यांचा आवाज कातळात घुमत होता. वाटेत त्यांना जिजा भेटली असावी.

"अय्या, ताई! तुमचं लग्न आहे?" कुणीतरी विचारलं.

"व्हय," जिजेचा आवाज वरपर्यंत आला. "जरा लेट झालं. सरका बाजूला, नवरीला वाट द्या."